भाऊजींचा कार्बोरेटर

बालाघाटात सल्ला मागावा लागत नाही, तो घरपोच येतो. हनुमान चौकात चहा घेता घेता नुसतं "गुडघा जरा दुखतोय" असं म्हणून बघा. चहा संपेपर्यंत दोन तेलं, एक काढा आणि बैहरकडच्या एका जडीबुटीवाल्याचा पत्ता खिशात पडलेला असतो. धानाचा भाव, मुलीचं स्थळ, भरवेलीच्या मँगनीज खाणीतली नोकरी, कुठल्याही विषयात गावाचं मत तयार असतं. तरीही हवेनं थंड होणाऱ्या जुन्या मोटारीला कोणता कार्बोरेटर बसवावा, या एका प्रश्नावर गाव गप्प राहील, अशी आमच्या भाऊजींची समजूत होती.

भाऊजींकडे १९६३ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. ही गाडी भारतात कधी बनली नाही. जी काही थोडी इथं आली, ती परदेशी साहेबांबरोबर नाहीतर एखाद्या हौशी श्रीमंताच्या आयात परवान्यावर आली. जगात मात्र २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल बनल्या आणि शेवटची ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. एवढ्या गाड्यांमधली नेमकी एक फिरत फिरत नागपूरमार्गे बालाघाटला यावी आणि तिच्यापायी ताईच्या पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे जावेत, याला ताई नशीब म्हणते. भाऊजीही नशीबच म्हणतात. दोघांचा सूर तेवढा वेगळा असतो.

गाडीचं इंजिन मागे आणि सामान पुढे. रेडिएटर नाही, पाणी नाही, पाण्याचा पंप नाही. पट्ट्यावर फिरणारा एक पंखा पत्र्याच्या खोळीतून चार सिलिंडरांवर हवा मारतो, की झालं. पाहणाऱ्यांना याचं फार नवल वाटतं, पण आमच्या मिस्त्रीला काडीचं वाटलं नाही. त्याची अर्धी हयात बजाज चेतकवर गेली आहे आणि चेतकचं इंजिनही पंख्याच्या हवेनंच थंड होतं. मागचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यानं आत डोकं घातलं, इकडून तिकडून पाहिलं आणि म्हणाला, "हे तं चेतकच्याच कुळातलं हाय, साहेब. फक्त खटलं मोठं हाय."

खटलं म्हणजे ११९२ सीसी आणि ३४ अश्वशक्ती. त्या सगळ्याच्या डोक्यावर मधोमध एकच कार्बोरेटर, सोलेक्सचा २८ पिक्ट. यातला २८ म्हणजे त्याच्या खालच्या तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहा रुपयांच्या नाण्याहून अगदी किंचित मोठा. एवढ्याशा भोकातून एवढी मोटार श्वास घेते, हे कळल्यावर गावाच्या मनाला जी यातना झाली, ती अजून शमलेली नाही.

तक्रार तशी साधी होती. एरवी बैहरचा घाट निमूट चढणारी गाडी चढावर ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर विचार करायला लागली आणि उतारावर पाय काढला की मागून फटाके मारायला लागली. भाऊजींनी हे चौकात बोलून दाखवलं. त्यानंतर ते प्रकरण त्यांच्या हातात राहिलं नाही.

पहिला सल्ला राइस मिलवाल्या काकांचा. काकांचं यंत्रशास्त्र एका शब्दात मावतं : मोठा. मिलचं मोटर जळलं, मोठं घ्या. पोरगं नापास झालं, मोठ्या क्लासला घाला. "बारीक नळीतून कोंडा तरी येतो का? मोठा बसव," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. काकांना हे पटवणं अवघड आहे की कार्बोरेटरची सगळी विद्या त्याच्या अरुंद गळ्यातच असते. हवा अरुंद जागेतून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिथला दाब उतरतो आणि उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून आपोआप वर ओढलं जातं. ना मोटर, ना वायर. गळा वाजवीपेक्षा रुंद केला की हवा संथ होते आणि पेट्रोलला ओढच बसत नाही. गाडी वरच्या वेगाला पळेलही, पण काली पुतली चौकात म्हशीमागे पहिल्या गिअरवर सरकताना आचके देऊन बंद पडेल. आणि बालाघाटातला मोटारचालक आयुष्यातला मोठा काळ म्हशीमागेच असतो.

दुसरा सल्ला निवृत्त गणित शिक्षकांचा. सरांनी चहाच्या बिलामागे हिशोब मांडला. इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाची हवा ओढतं, म्हणजे ३००० फेऱ्यांना मिनिटाला १५०० वेळा ११९२ सीसी. वाटेतली गळचेपी वजा जाता साधारण चौदाशे लिटर. "एक लिटर पेट्रोल नीट जाळायला नऊ हजार लिटरांच्या आसपास हवा लागते," सर म्हणाले, "तेव्हा आपण गाडीत पेट्रोल भरतो हा भ्रम आहे. गाडी मुख्यतः हवाच खाते." हिशोब बिनचूक होता. कोणता कार्बोरेटर घ्यायचा, हे मात्र त्यातून निघालं नाही. सरांचं म्हणणं, ते त्यांच्या विषयात येत नाही.

तिसरा सल्ला पुण्याहून आला, भाच्याकडून, व्हिडिओसकट. भाचा संगणकात आहे, त्यामुळे त्याला कुठलीही वस्तू जुन्या आवृत्तीत पाहवत नाही. त्याची शिफारस होती इटालियन वेबर, ४० आयडीएफ, एक नव्हे तर दोन. एदुआर्दो वेबरनं १९२३ साली बोलोन्यात सुरू केलेलं हे घराणं. हवेच्या इंजिनांच्या शौकिनांत त्या नावाला मोठा मान. वेबर परवडत नसतील तर डेलोर्टो, तेही नाही तर ब्राझीलचे काड्रॉन, आणि अगदीच मन मारायचं तर एका तोंडाचे छोटे वेबर आयसीटी. पण दोन हवेतच. भाच्याचा मुद्दा निराधार नव्हता, हे कबूल करायला हवं. सोलेक्स इंजिनाच्या मधोमध बसतो आणि सिलिंडर डाव्या-उजव्या टोकांना असतात. पेट्रोलचा फवारा लांब नळीतून जाता जाता थंड पडतो आणि नळीच्या भिंतीला चिकटतो. ते होऊ नये म्हणून जर्मनांनी धुराड्यातली गरम हवा एका बारीक पाइपातून नळीखाली फिरवली आहे. वोल्फ्सबर्गच्या बर्फात ही सोय उत्तमच, पण बालाघाटच्या नवतप्यात, जेव्हा हातपंपातून चहाचं पाणी येतं, तेव्हा पेट्रोलला आणखी गरम करणारा हा पाइप बघून मिस्त्रीनं नुसते हात जोडले. दोन कार्बोरेटर म्हणजे दोन आखूड वाटा, प्रत्येक बाजूला आपापला पुरवठा. पटण्यासारखं आहे.

इथवर सगळं ठीक होतं. मग भाच्यानं यादी पाठवली. ४० आयडीएफला दोन गळे असतात, प्रत्येक सिलिंडरला एकेक. भाऊजींच्या हेडला मात्र दोन सिलिंडरांत मिळून एकच दार आहे. दोन दारांची हेडं फोक्सवॅगननं १९७०च्या ऑगस्टपासून द्यायला सुरुवात केली. म्हणजे हेडं बदला. नवी हेडं घेताच आहात, तर १६०० सीसीचे पिस्टन घालून टाका. शक्ती वाढली, की जुना सायलेन्सर तोंड दाबतो, तो बदला. जुन्या पंपाचा दाब वेबरला जास्त होतो, सुई उचलली जाऊन पेट्रोल ओसंडतं, तेव्हा रेग्युलेटर घ्या. इलेक्ट्रिकल सहा व्होल्टचं आहे, बारा करा. दिव्यांबद्दल बोलायलाच नको. सध्या त्या दिव्यांना रस्ता दिसत नाही, रस्त्याला फक्त दिवे दिसतात. वेग वाढल्यावर ड्रम ब्रेक पुरणार नाहीत. यादी अशी सात्त्विकपणे पुढे सरकत गेली आणि शेवटी लक्षात आलं की जुन्या गाडीतली जुनी वस्तू म्हणून फक्त नंबरप्लेट उरणार होती. तीही सरकारनं बदलायला लावली आहे.

चौथे वकीलसाहेब. ते नेहमी शेवटी बोलतात, कारण आधी बोललं तर वाद लवकर मिटतो. त्यांनी जुलै २०२१ची अधिसूचना काढली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज, पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. "दोन वेबर बसवलेत की तुमची गाडी जुनी राहणार नाही," ते म्हणाले, "नुसती म्हातारी राहील." व्हिंटेज म्हणून नोंदणी केली तर काय मिळेल, असं भाऊजींनी उत्सुकतेनं विचारलं. मिळणार होतं ते असं : अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्याच कामांसाठी काढता येते. भाऊजींचा चेहरा पडला. वकीलसाहेबांनी मात्र आवाज उतरवून कायद्यातली वाट दाखवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये बालाघाटात पेट्रोल लिटरला १२० रुपयांवर गेलं होतं हे कुणी विसरलेलं नाही, आणि तेव्हापासून सीमेपलीकडे महाराष्ट्रात स्वस्त पेट्रोल भरायला जाणं ही इथली रीतच झाली आहे. तेव्हा पेट्रोल भरायला गोंदियापर्यंत जा, येताना राजेगावला चहा घ्या. पुन्हा टाकी उतरली की पुन्हा जा. आयुष्यभर पेट्रोल भरत राहा, कोण अडवतो?

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणी विचारत नव्हतं, ती मिस्त्रीनं विचारली. हात कापसाच्या बोळ्याला पुसत तो म्हणाला, "दोन लावून देतो, साहेब. पण मिळवाचे कोणी?"

मिळवणं म्हणजे दोन कार्बोरेटर एका लयीत आणणं. ॲक्सिलरेटरची वायर मधोमध येते, तिथून एक दांडी आडवी जाते आणि दोन्ही टोकांचे दरवाजे उघडते. दरवाजे एकाच वेळी आणि सारखेच उघडायला हवेत. जरा पुढंमागं झालं, की पंगतीत भातवाला शेवटच्या पानापर्यंत पोहोचलेला आणि वरणवाला अजून दाराशीच, अशी गत. शिवाय इंजिन तापलं की फुगतं आणि दोन्ही टोकांतलं अंतर वाढतं, म्हणून हे काम गरम इंजिनावरच करायचं. त्यासाठी परदेशात एक छोटं हवामापक यंत्र मिळतं. ते नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेची सुसू ऐकायची, मग दुसऱ्या बाजूची ऐकायची, आणि दोन्ही सुसू सारख्या होईपर्यंत स्क्रू पिळत राहायचं.

मिस्त्रीनं नमुना म्हणून सोलेक्सवरच नळी लावून दाखवली. डोळे मिटले, एक बोट वर केलं. गॅरेजमधली सगळी सल्लागार मंडळी आयुष्यात प्रथमच एकदम गप्प झाली. काकांनी तर श्वासही रोखला होता. एवढ्यात समोरून वरात आली आणि डीजेच्या पहिल्याच ठोक्याला शेल्फावरचे पाने नाचायला लागले. मिस्त्रीनं कानातली नळी काढली. "हे पाहा," तो म्हणाला, "लग्नसराईत दोन कार्बोरेटरची गाडी बालाघाटात चालूच शकत नाही."

मला वाटतं, या विषयावरचं अख्ख्या गावातलं सर्वांत शहाणं वाक्य हेच. कार्बोरेटर निवडताना लोक इंजिन बघतात, अश्वशक्ती बघतात, हल्ली व्हिडिओ बघतात. बघायला हवा तो त्याला ठीक करणारा माणूस. दुचाकींतूनही २०२०च्या बीएस-६ नियमांनी कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाले. नव्या पिढीचा मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी स्कॅनरची वायर शोधतो, आणि बीटलला वायर लावायला जागाच नाही हे कळल्यावर गाडीपेक्षा तोच जास्त घाबरतो. सोलेक्स मात्र आपल्याकडच्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडरलाही होता. आमचा मिस्त्री त्यावर हात बसवूनच मोठा झाला. वेबर बिघडला तर बालाघाटहून बोलोन्याला माणूस धाडावा लागेल. सोलेक्स बिघडला तर मिस्त्रीला जेवणावरून उठवलं की पुरतं.

आणि त्या बिचाऱ्या २८ मिलिमीटरची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. तो गळा गरिबीपोटी बारीक ठेवलेला नव्हता. इंजिनाला हवाच मोजकी मिळाली की ते स्वतःच्या मरणाइतकं जोरात फिरू शकत नाही, म्हणून पाय पूर्ण दाबून दिवसभर चालवली तरी गाडी टिकावी, असा त्यामागं विचार होता. कंपनीनं जो सर्वाधिक वेग सांगितला, तोच दिवसभर धरून चालवायचा वेग म्हणूनही सांगितला. मालकाच्या उत्साहापासून इंजिनाला वाचवण्याची इतकी दूरदृष्टी क्वचितच कुणी दाखवली असेल.

मग गाडी घाटात का अडखळत होती? मिस्त्रीनं प्लग काढून हातावर घेतले. चांगला प्लग विटकरी-तपकिरी दिसतो. हे पांढुरके होते. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. त्यातही तिसऱ्या सिलिंडरचा प्लग सर्वांत पांढरा. या जुन्या इंजिनात तेलाचा कूलर पंख्याच्या वाटेतच उभा आहे, त्यामुळे तिसऱ्याच्या वाट्याला आधीच तापलेली हवा येते. पुरवठा कमी पडला की सर्वांत आधी तोच भाजतो. कार्बोरेटर तर तोच होता. जेट तोच, सुई तीच. बदललं होतं ते पेट्रोल. आधी पंपावर दहा टक्के इथेनॉल यायचं, आता वीस टक्के येतं. इथेनॉलच्या पोटात स्वतःचाच प्राणवायू असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं, दहाच्या मानानं साधारण चार टक्के. नव्या गाड्यांतला संगणक हे मुकाट्यानं जुळवून घेतो. सोलेक्सला संगणक नाही, त्याला फक्त एक भोक आहे.

हे इथेनॉल उसापासून होतं, मक्यापासून होतं आणि तांदळापासूनही होतं, हे कळल्यावर काकांना भरून आलं. आमचा चिन्नोर तांदूळ नव्हे, चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो गाडीत घालण्याइतके आम्ही अजून माजलेलो नाही. तुकडा तांदूळ. तरी काकांचं म्हणणं एवढंच, की इतकी वर्षं राइस मिल चालवली, पण आपण तेल कंपनीच्या धंद्यात आहोत हे कुणी सांगितलं नाही.

उपाय ठरला तो असा. मेन जेट १२२.५ चा होता. हा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशात. त्याच्या जागी १२५ चा. भोकाचं क्षेत्रफळ वाढतं ते बरोबर चार टक्क्यांच्या आसपास. त्यासोबत नवं गॅस्केट आणि इथेनॉलनं फुगलेल्या जुन्या रबरी नळ्या काढून नव्या. भाच्यानं पुण्याहून जेट पाठवला. हरभऱ्याएवढ्या पितळी वस्तूसाठी आलेलं खोकं मात्र एवढं होतं, की शेजाऱ्यांना वाटलं वेबरच आले. मिस्त्रीनं जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटला, आरपार पाहिलं आणि फुंकर मारली. पोऱ्यानं साफ करायला टाचणी पुढे केली तर त्याला असा दम भरला की टाचणी खाली पडली. पोलादाची टाचणी एकदा फिरली की १२५ चा जेट किती नंबरचा झाला ते देवालाही सांगता येत नाही. फारच चोंदला तर तांब्याच्या तारेचा एक केस. तांबं पितळेहून मऊ. जिल्ह्यात मलाजखंडची एवढी मोठी तांब्याची खाण असून लोक जेटात टाचण्या घालतात, याचं त्याला मनापासून दुःख आहे.

गाडी आता घाट चढते. फटाके बंद झाले. वेग पूर्वीइतकाच आहे आणि म्हशी पूर्वीच्याच जागी आहेत. काका सांगतात, मोठं भोक बसवा असं मी पहिल्यापासून म्हणत होतो. वकीलसाहेब सांगतात, मूळचाच कार्बोरेटर ठेवा असं मी पहिल्यापासून म्हणत होतो. भाचा सांगतो, पार्ट माझाच होता. तिघंही अक्षरशः खरं बोलतात आणि त्यामुळे कुणाचंच तोंड बंद करता येत नाही. भाऊजी स्वतः ओळखीच्या प्रत्येकाला "कार्बोरेटर अपग्रेड केला" असं सांगतात. किती केला, हे विचारलं तर अंगठा आणि तर्जनी जवळ आणतात. अडीच शतांश मिलिमीटर दाखवण्याइतकी ती बोटं जवळ येत नाहीत, पण ऐकणाऱ्याचा त्यावर आक्षेप नसतो.

आक्षेप फक्त ताईनं घेतला. तिनं मिस्त्रीचं बिल वाचलं, भाऊजींकडून हवा, इंधन आणि चार टक्क्यांचं सगळं प्रवचन शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे एवढं सगळं करून गाडी आता पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल पिणार, असंच ना?"

"पेट्रोल नाही गं," भाऊजी म्हणाले, "त्यात आता इथेनॉल असतं. कधी कधी तर तांदळाचंसुद्धा."

"तांदूळच खायचा असेल," ताई म्हणाली, "तर कोठी भरलेली आहे. त्यासाठी गोंदियाला कशाला जायचं?"